ओलकाका

ओलकाका वास्तुशांतीला आले की यजमानांच्या पोटात गोळा येतो. हातात पाकीट असतं, अंगात इस्त्रीचा सदरा असतो, चेहऱ्यावर हसूही असतं. नजर मात्र पंख्याच्या वर, भिंत आणि स्लॅब जिथे एकमेकांना भेटतात त्या कोपऱ्यात गेलेली असते. सत्यनारायणाची कथा चालू आहे तोवर गप्प. शिऱ्याचा प्रसाद खाऊन झाला की खिशातून घराची किल्ली निघते, भिंतीवर टक-टक होतं, कान लावला जातो आणि निदान येतं, "गिलावा सुटलाय. पोकळ वाजतोय. पहिल्या पावसात बोलेल ही भिंत."

आणि भिंत बोलते. खरी अडचण तीच आहे. बोलली नसती तर माणूस चक्रम म्हणून सोडून देता आला असता.

आमच्या जुईनगरात जून उजाडला की काही इमारती निळ्या ताडपत्र्या पांघरतात आणि ज्यांनी गच्चीवर आधीच पत्रे टाकले आहेत त्या या ताडपत्रीवाल्यांकडे सधन नातेवाइकांसारखं बघतात. या दिवसांत ओलकाकांना श्वास घ्यायला फुरसत नसते. लोणा कुठला, बुरशी कुठली, पाइपातली गळती कोणती आणि गच्चीतून झिरपलेलं पाणी कोणतं, हे ते नुसत्या डागाच्या रंगावरून सांगतात. एका सरकारी खात्याच्या इमारत शाखेत ते ज्युनिअर इंजिनिअर होते. गळतीच्या तक्रारीवर 'पाहणी केली' असा शेरा मारून कागद पुढे सरकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी खरोखरच पाहणी करायला सुरुवात केली.

प्रसंगाचं भान वगैरे त्यांना नसतं. मागे एका घरी आम्ही समाचाराला गेलो होतो. घरातले कर्ते पुरुष गेलेले, बायका बसलेल्या. काका बराच वेळ वर बघत राहिले आणि मोठा उसासा टाकून म्हणाले, "वेळेवर लक्ष द्यायला हवं होतं." आवरत आलेलं रडं पुन्हा उसळलं. मोठ्या सुनेने तर सासऱ्यांचे सगळे रिपोर्ट आणून दाखवले. काका बीमबद्दल बोलत होते हे मला ठाऊक होतं, पण ते सांगायची ती जागा नव्हती.

अख्ख्या जुईनगरात एकच ओल अशी आहे की जी ओलकाकांना दिसत नाही. ती माझ्या न्हाणीघराच्या छताला आहे. मी त्यांच्या घराच्या बरोबर खाली राहतो. डाग बादलीच्या तोंडाएवढा होता तेव्हा मी त्यांना बोलावून दाखवला. त्यांनी किल्ली काढली नाही. कानही लावला नाही. "हवेतला ओलावा आहे तो," म्हणाले. "तू गीझर फार चालवतोस." डाग घंगाळाएवढा झाला तेव्हा मी पुन्हा गेलो. "गरम पाण्याने अंघोळ करायची सवय वाईट," म्हणाले. सोसायटीचे सेक्रेटरीही तेच असल्यामुळे लेखी तक्रारही त्यांच्याकडेच द्यावी लागते. ती मी दिली. तिच्यावर 'पाहणी केली' असा शेरा आला.

तर या ओलकाकांना त्यांच्या मुलीने इस्तंबूलला पाठवलं. आपल्या लोकांच्या ग्रुपबरोबर, रोज जेवणात डाळ-भात मिळेल अशी खात्री करून, काकूंसकट. त्या सहलीचा अधिकृत वृत्तान्त काकूंकडे आहे आणि तो ऐकण्यासारखा आहे.

पहिल्या दिवशी सुलतान अहमदची मशीद. पायातले जोडे हातात, बायकांच्या डोक्यावर ओढण्या, आणि गाईड सांगतोय की काम १६०९ मध्ये सुरू झालं, सहा मिनार आहेत, इझनिकच्या वीस हजारांहून जास्त फरशा आहेत, निळ्या रंगामुळे हिला निळी मशीद म्हणतात. सगळ्या ग्रुपच्या माना वर. काकांचीही वर. काकू म्हणतात, "मला इतकं बरं वाटलं! संसारात पहिल्यांदाच हे चार माणसं बघतायत तिथे बघत होते." तेवढ्यात काकांनी हात वर केला आणि गाईडला विचारलं, घुमटावरचं पावसाचं पाणी उतरतं कुठून? गाईड म्हणाला, घुमटावर शिशाचे पत्रे आहेत. काका म्हणाले, ते बाहेरून दिसले मला. पत्र्यावर पत्रा किती इंच चढवलाय ते सांगा. गाईडने सगळ्यांना खरेदीसाठी अर्धा तास देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सुलेमानिये. तिथे काका ग्रुपमधून जे सुटले ते बस सुटायच्या वेळी, एका खांबाच्या तळाशी हात फिरवताना सापडले. ही मशीद सुलतान सुलेमानसाठी सिनान नावाच्या वास्तुकाराने १५५० ते १५५७ या काळात बांधली. घुमट जमिनीपासून ५३ मीटर उंच. सिनान मूळचा ख्रिस्ती घरातला, सुलतानाच्या फौजेत भरती झालेला, पूल बांधता बांधता मुख्य वास्तुकार झालेला. पन्नासएक वर्षं तो त्या हुद्द्यावर होता, तीन सुलतानांच्या हाताखाली. १५८८ मध्ये गेला. त्याची छोटीशी कबर त्याच मशिदीच्या आवाराच्या कोपऱ्याला आहे. हे सगळं मला काकांमुळे माहीत झालं, कारण परत आल्यापासून त्यांच्या बोलण्यात दुसरा विषय नाही. आणि नुसतं 'सिनान' ते कधीच म्हणत नाहीत. "सिनानसाहेब". आपलेच चीफ इंजिनिअर असावेत, नुकतीच बदली झालेली असावी, अशा आवाजात.

"सिनानसाहेब नव्वदीपर्यंत कामावर," ते कट्ट्यावर सांगतात. "आपल्याकडे अठ्ठावन्नला शाल आणि नारळ."

सुलेमानियेत शेकडो दिवे जळायचे. त्यांचा धूर हवेच्या झोताने दाराच्या वरच्या एका खोलीत खेचला जायचा, तिथे काजळी साठायची आणि त्या काजळीची शाई करायचे. लोक हे ऐकून सिनानच्या कल्पकतेला दाद देतात. काकांची दाद वेगळी आहे. "म्हणजे बघ, भिंत काळी होत नाही, आणि स्टेशनरीचा खर्च शून्य!"

पण त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं ते दुसऱ्याच गोष्टीने. सुलेमानियेच्या बांधकामाच्या हिशेबवह्या अजून शाबूत आहेत. कोण गवंडी, कोण सुतार, कुठून आला, किती दिवस कामावर होता, काय रोज मिळाला, सगळी नोंद. कारागिरांत मुसलमान होते तसे ख्रिस्तीही होते, आणि तेही निम्म्याच्या आसपास. इतिहासकारांनी त्यावर जाडजूड ग्रंथ केले आहेत. "मस्टर!" काका माझा दंड धरून म्हणाले, "अरे, साडेचारशे वर्षांचं मस्टर आहे त्यांच्याकडे! आमच्याकडे दहा वर्षांपूर्वीचं मागितलं तर 'वाळवीमुळे उपलब्ध नाही' असं लेखी यायचं. सही माझीच असायची."

मुदतीची गोष्टही त्यांना पाठ आहे. काम रेंगाळतंय म्हणून दरबारात सिनानबद्दल चुगल्या झाल्या, सुलतान स्वतः साइटवर आला आणि रागाने विचारता झाला, कधी पुरं होणार? सिनान म्हणाला, दोन महिन्यांत. लोकांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण दोन महिन्यांत त्याने काम पुरं करून किल्ली सुलतानाच्या हातात ठेवली, असं सिनानच्या स्वतःच्या आठवणींत आहे. स्वतःच्या आठवणींत माणूस स्वतःबद्दल जरा बरंच लिहितो, असं मी म्हणालो. काकांना ते आवडलं नाही.

काकूंच्या लक्षात मशिदीसमोरची खानावळ राहिली आहे. तिथे ओळीने पांढऱ्या घेवड्याची उसळ आणि भात विकणारी दुकानं आहेत. "कांदा, टोमॅटो, बरी होती," काकू म्हणतात. "गूळ-गोडा मसाला नाही, पण परमुलखात कोण घालणार?" आणि काकांच्या तुर्कपुराणावर त्यांच्याकडे एक हुकमी उत्तर आहे. काकूंचं माहेर नगरचं. विजापूरच्या बुरुजावरची मुलूखमैदान तोफ ओतली गेली ती नगरला, १५४९ साली, आणि ती ओतणारा मुहम्मद हा रूमी, म्हणजे तुर्कांच्या मुलखातला. नगरात त्याच्या नावाने सांगितली जाणारी मशीदही आहे. "तुमच्या सिनानसाहेबांनी पाया खणायच्या आधी आमच्या नगरात तुर्क इंजिनिअर कामाला होता," काकू म्हणतात. "तिकडे जायला पासपोर्ट लागत नाही. पण माझ्या माहेरी चला म्हटलं की ह्यांची कंबर धरते."

मी त्यात पडलो तो एका संध्याकाळी, कट्ट्यावर. काका इस्तंबूलच्या त्या जमिनीखालच्या प्राचीन टाक्याचं वर्णन करत होते. सहावं शतक, ३३६ खांब, खाली पाणी, वर शहर. "पाण्यावर उभं राहिलेलं बांधकाम बघायचं असेल तर इस्तंबूल," ते म्हणाले. "मुंबईत कुणाची हिंमत नाही." मी सहज म्हणालो, मुंबईतली जुम्मा मशीद पाण्यातच उभी आहे की. क्रॉफर्ड मार्केटजवळ. तळ्यात.

काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी त्यांच्या गच्चीला भोक पाडलं. "पाण्यात? आणि वर नमाज? शक्य नाही. पाया कसा राहील? मोजमाप कुणी केलं?"

रविवारी जाणं शक्य नव्हतं, हार्बरवर मेगाब्लॉक. मधल्या वारी रजा काढून मी त्यांना घेऊन निघालो. जुईनगरहून सीएसएमटी लोकल, खिडकीची जागा, आणि वाशीच्या खाडीपुलावरून जाताना खाडीकाठच्या खारट वाऱ्याने लोखंडाचं काय होतं यावर व्याख्यान. मशीद स्टेशनला उतरलो. या स्टेशनाचं नाव जवळच्या बेने इस्रायलींच्या सिनेगॉगवरून पडलं असं सांगतात. सॅम्युएल दिवेकरांनी ते १७९६ मध्ये बांधलं आणि लोक त्याला जुनी मशीद म्हणायचे. ही माहिती मी मोठ्या हौसेने दिली. काका म्हणाले, "तेही बघू कधी. पत्रा आहे की कौलं?"

गल्ल्यांमधून हातगाड्या, प्लास्टिकचे डबे, लग्नपत्रिका, टोप्या, अत्तरं पार करत आम्ही मशिदीच्या पूर्वेच्या दाराशी आलो. जुम्मा मशीद बाहेरून पटकन कळत नाही. चहूबाजूंनी दुकानांची रांग तिला लपेटून आहे. नमाजाची वेळ नव्हती. दाराशी एक वयस्कर खादिम बसले होते, पांढरी दाढी, बोलण्यात श्रीवर्धनचा हेल. कोकणी मुसलमानांचीच ही मशीद; अस्सल मराठीत विचारपूस झाली. कुठून आलात? जुईनगर. काय काम? काका म्हणाले, "पाणी बघायचंय." आजवर खादिमांना असं कुणी सांगितलं नसावं. ते हसले आणि म्हणाले, "या. जोडे तिथे."

आणि समोर खरोखरच तळं. पायऱ्या, हिरवट पाणी, त्यात फिरणारे सोनेरी मासे, आणि त्या पाण्यातून वर आलेल्या काळ्या दगडाच्या कमानी. सोळा कमानी आहेत. त्यांच्यावर मशीद. वुजू करायला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, आलेली दोन पोरं पाय पाण्यात सोडून बसली होती. आतलं पाणी झऱ्यांचं, तळाशीच फुटतं.

काका बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग पायऱ्यांवर गुडघे टेकून बसले आणि कमानीच्या दगडावर, पाण्याच्या पातळीच्या वर, तळहात ठेवला. डॉक्टर ताप बघतो तसा. हात काढला, वास घेतला, बोटं एकमेकांवर चोळली. किल्ली बाहेर निघाली तेव्हा खादिम मागून म्हणाले, "किल्ली नको, काका. हाताने बघा हवं तर." किल्ली खिशात गेली. हेही मी पहिल्यांदाच पाहिलं.

खादिमांनी मग सगळं सांगितलं. जुनी मशीद किल्ल्याच्या मैदानाकडे होती, ती १७७० मध्ये इंग्रज गव्हर्नरने हलवायला लावली. नवी जागा एका हिंदू व्यापाऱ्याची होती. बागेत हे तळं. जागा देतो म्हणाला, पण तळं बुजवायचं नाही. काम १७७५ मध्ये सुरू झालं, मध्ये तंटे निघाले, पुरं व्हायला १८०२ उजाडलं. तळं बुजवलं नाहीच. त्याच्या वर मजला चढवला. पुढे १८१४ आणि १८३७ मध्ये आणखी मजले चढले. पाण्यातल्या कमानी १८७४ च्या, पायऱ्या १८९३ च्या.

"म्हणजे टप्प्याटप्प्याने काम," काका म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "सुधारित अंदाजपत्रक!"

"हिला जहाज-ए-आखिरत म्हणतात," खादिम म्हणाले. परलोकाचं जहाज, पाण्यात नांगर टाकून उभं असल्यासारखं. आणि त्यातल्या प्रत्येक अक्षराला आकडा आहे; बेरीज केली की हिजरी साल निघतं, १२१७. काकांनी रेल्वेचं तिकीट काढलं, मागच्या कोऱ्या बाजूला खादिमांकडून अक्षरं आणि आकडे लिहून घेतले. 'जहाज'चे तीन, पाच, एक, सात. सोळा. 'आखिरत'चे एक, सहाशे, दोनशे, चारशे. बाराशे एक. खाली रेघ मारली, १२१७ लिहिलं, आणि तपासलेल्या बिलावर करतात तशी कोपऱ्यात बरोबरची खूण केली.

"चूक नाही," ते म्हणाले. खादिमांनाही बरं वाटलं. दोनशे वर्षांत हे हिशेब जुईनगरच्या कुणी तपासले नसावेत.

मग काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "कळलं का? आपण पाण्याला हाकलतो. गच्चीवरून हाकल, भिंतीतून हाकल. इथे पाण्याला आधीच बसायला जागा दिलीये. ते कशाला वर चढेल?"

"तुमच्या न्हाणीतल्या पाण्याला कुठे बसायला जागा आहे, काका?"

"तो सोसायटीचा विषय आहे," काका म्हणाले.

निघताना खादिमांनी विचारलं, "तुम्ही इंजिनिअर का?" काका हो म्हणायच्या आत त्यांनी मोबाइल काढला होता. त्यांचं घर मुंब्र्याला, कौशात, दुसऱ्या मजल्यावर. फोटो न्हाणीघराच्या छताचा. घंगाळाएवढा डाग, कडेला तांबूस, मध्ये पोपडे. मी फोटो पाहिला आणि क्षणभर मला वाटलं की माझ्याच घरात येऊन कुणी काढून नेलाय.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, बोटांनी फोटो मोठा केला. त्यांना दोन सेकंदही लागले नाहीत. "वरच्याचा नहाणी ट्रॅप. जोड फुटलाय. शंभर टक्के."

"वरचा माणूस म्हणतो, हवेतला ओलावा आहे."

"हवेतला?" काका हसले. मनापासून, खांदे हलवून हसले. "हवेतल्या ओलाव्याला कडा तांबूस कशी येईल? स्लॅबमधली सळई गंजतेय ती. हवेतला ओलावा म्हणे! माणूस काय करतो तो?"

"रिटायर आहे."

"काम नाही मग काही. लेखी तक्रार द्या. मुदत घाला. आणि तरी ऐकलं नाही तर..."

इथे त्यांची नजर माझ्यावर पडली. मी मासे बघत होतो. वाक्य तिथेच राहिलं. खादिम "तर काय?" असं दोनदा म्हणाले, पण काका जोडे शोधायला गेले होते.

परतीच्या गाडीत ते डॉकयार्ड रोडपासून मानखुर्दपर्यंत गप्प होते. खाडीवर आल्यावर म्हणाले, "त्याचा डाग तांबूस होता. तुझा पिवळा आहे." मी म्हणालो, हो. सानपाड्याला म्हणाले, "तसा पिवळ्याचा पुढे तांबूस होतो." त्यालाही मी हो म्हणालो.

त्यानंतर आलेल्या सोमवारी सेक्रेटरीच्या लेटरहेडवर पाहणीचा अहवाल आला. माझ्या छताचं मोजमाप, डागाची लांबी-रुंदी, आकृती, मूळ कारण: वरील सदनिकेतील नहाणी ट्रॅप, शिफारस: वरील सदनिकाधारकास नोटीस द्यावी. खाली काकांची सही. दुसऱ्या कागदावर नोटीस, सेक्रेटरींकडून वरील सदनिकाधारकास. देणारे काका, घेणारे काका, 'नोटीस मिळाली' म्हणून सही काकांची. तिसऱ्या कागदावर सदनिकाधारकाचं उत्तर. दोष मान्य आहे, परंतु कामाचं स्वरूप पाहता मुदत मिळावी. किती? तर दोन महिने. दाखला म्हणून सुलेमानियेचं नाव, साल आणि सिनानसाहेबांनी सुलतानाला दिलेला शब्द.

चौथा कागद मुदत मंजूर झाल्याचा होता. तो माझ्या दारात सरकवताना काका म्हणाले, "हस्तलिखित प्रत जपून ठेव हं. साडेचारशे वर्षांनी कुणीतरी मागेल."